चांगला पाय आधी वर

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबर 2019 मध्ये पुण्यात झाली, तेव्हा मी जर्मनीतल्या म्युनिकहून बारा दिवसांची रजा काढून नारायण पेठेतल्या घरी आले होते. कृत्रिम सांधा बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभे केले, पाचव्या दिवशी घरी सोडले, आणि लिफ्ट नसल्यामुळे दादाने व शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर उचलून नेले. मी परत निघाले तेव्हा ती खोलीतल्या खोलीत चालत होती. ‘आई आता बरी झाली,’ असे मी विमानतळावर दादाला म्हणाले आणि मनापासून तसे मानलेही. त्यानंतर सव्वातीन वर्षांनी माझा स्वतःचा घोटा मोडला, तेव्हा त्या वाक्यात किती गोष्टी मी गृहीत धरल्या होत्या, ते एकेक करून समजत गेले.

जानेवारी 2023 मधला तो रविवार होता. म्युनिकमध्ये घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ काढून तिथे बारीक खडी पसरण्याची जबाबदारी घरमालकावर असते, मात्र रविवारी ती सकाळी आठपासून लागू होते. मी साडेसातला पाव आणायला बेकरीकडे निघाले होते. आदल्या संध्याकाळी पडलेला पाऊस रात्रीत गोठून दगडी फरशीवर त्याचा पारदर्शक थर बसला होता, जो रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात नुसता ओला दिसत होता. डावा पाय सरकला, घोट्यापासून बाहेरच्या बाजूला वळला, आणि मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका गृहस्थांनी 112 क्रमांकावर फोन केला, स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ते माझ्याशेजारी गुडघे टेकून बसून राहिले. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले, याची खंत मला आजही आहे.

घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया लगेच करता आली नाही, कारण घोटा इतका सुजला होता की त्या अवस्थेत चीर दिली तर नंतर कातडी नीट मिटत नाही आणि जखम चिघळण्याची भीती असते. सूज उतरून कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत पाच दिवस पाय उंचावर ठेवून पडून राहावे लागले. नंतर बाहेरच्या हाडावर एक प्लेट व सहा स्क्रू, आतल्या हाडात दोन स्क्रू, आणि पायाची दोन्ही हाडे एकमेकांपासून दूर सरकू नयेत म्हणून त्या दोन्हींतून आरपार जाणारा एक लांब स्क्रू बसवला, जो आठ आठवड्यांनी काढायचा होता. रुग्णालयात संध्याकाळचे जेवण पाच वाजता येई आणि त्यात पाव, चीज व काकडीचे काप असत. गरम वरणभाताची आठवण मला परदेशातल्या अकरा वर्षांत प्रथमच इतकी तीव्रतेने झाली.

फोनवर आईचा पहिला प्रश्न होता, ‘मला दुसऱ्या दिवशी उभे केले, मग तुला सहा आठवडे पाय टेकायचा नाही असे का सांगतात?’ डॉक्टरांना विचारून मी तिला उत्तर दिले ते असे. तिच्या गुडघ्यात बसवलेला धातूचा सांधा पहिल्या दिवसापासून वजन पेलू शकतो, आणि तो हलता ठेवला नाही तर आखडतो. माझ्या पायातली प्लेट हाडाची जागा घेत नाही; हाड स्वतः जुळून येईपर्यंत तुकडे जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच तिचे काम. त्या आधी पूर्ण वजन टाकले तर स्क्रू तुटतो किंवा तुकडे सरकतात. आईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘म्हणजे माझे दुखणे हालचालीचे होते, तुझे थांबण्याचे आहे. तुला जास्त जड जाईल.’ तिचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

माझे घरही लिफ्टविना तिसऱ्या मजल्यावर आहे. रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टने कुबड्यांवर जिना चढण्याचा नियम शिकवला, तो मला आधीच पाठ होता, कारण 2019 मध्ये पुण्यातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी तो आईला माझ्यासमोर शिकवला होता: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. तरीही पहिल्या दिवशी एका मजल्यानंतर हातांतले बळ संपले आणि उरलेले दोन मजले मी पायऱ्यांवर बसून, पाठमोरी, एकेक पायरी मागे सरकत चढले. वर पोहोचायला चाळीस मिनिटे लागली. मी एकटी राहत असल्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आरोग्य विम्याने चार आठवडे घरकामाला मदतनीस मंजूर केली. स्वयंपाक, कपडे, बाजारहाट यांसाठी ती बाई आठवड्यातून तीन वेळा येई, आणि मला त्यासाठी दिवसाला फार तर 10 युरो भरावे लागत. परदेशी एकट्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही सोय बहुतेक वेळा ठाऊक नसते, म्हणून ती मुद्दाम सांगते. मलासुद्धा ती रुग्णालयातल्या समाजसेविकेने सांगितली म्हणून कळली.

उरलेल्या दिवसांत मात्र घर माझेच होते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर रोज एक इंजेक्शन स्वतःच टोचून घ्यायचे होते, ते तिसऱ्या दिवसापर्यंत सवयीचे झाले. खरी अडचण चहाच्या कपाची होती. दोन्ही हातांत कुबड्या असल्या की माणसाला काहीही उचलून नेता येत नाही, आणि स्वयंपाकघरातला कप खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत कसा न्यायचा या प्रश्नापुढे मी पहिल्या सकाळी अक्षरशः रडले. आईने तोडगा सांगितला: चहा थर्मासमध्ये भरायचा, थर्मास शबनम पिशवीत ठेवायचा आणि पिशवी गळ्यात अडकवायची. ती स्वतः वॉकरला कापडी पिशवी बांधून त्यात चष्मा, फोन आणि औषधे ठेवत असे, हे तिने तेव्हा सांगितले. ती पिशवी मी पाहिली नव्हती, कारण ती बांधण्याची वेळ आली तेव्हा मी परत गेलेली होते.

हिवाळ्यात पुणे म्युनिकच्या साडेचार तास पुढे असते. वेदनेने मला रात्री अडीचला जाग येई, तेव्हा पुण्यात सात वाजलेले असत आणि आई पहिला चहा घेत असे. त्या वेळच्या आमच्या बोलण्यातून तिच्या आजारपणाचा तो भाग मला प्रथम कळला, जो मी पाहिलाच नव्हता. पाचव्या आठवड्यात तिचा गुडघा सत्तर अंशांवर अडला होता आणि काही केल्या पुढे वाकत नव्हता. फिजिओथेरपिस्ट ताई गेल्या की ती न्हाणीघराचे दार लावून, नळ सोडून रडत असे, म्हणजे वहिनींना ऐकू जाऊ नये. सात आठवड्यांनी ती पहिल्यांदा जिना उतरली तेव्हा मधल्या वळणावर तिला भोवळ आली आणि ती तिथेच अर्धा तास बसून राहिली. याच काळात मी दर रविवारी फोन करून ‘आता चालतेस ना नीट?’ असे विचारत होते आणि ती ‘हो’ म्हणत होती. ‘मला सांगितले का नाहीस?’ असे मी विचारल्यावर ती म्हणाली, ‘तू इतक्या लांब. ऐकून काय करणार होतीस, नुसती झोप घालवली असतीस.’ मी पुष्कळ वेळ काही बोलू शकले नाही. मग आपला गुडघा पुढे कसा वाकत गेला, दर आठवड्याला किती अंश, हे तिने मला तपशीलवार सांगितले, आणि त्या आकड्यांनी मला जो धीर दिला तो कोणत्याही गोळीने दिला नव्हता.

सहा आठवड्यांनी पायावर 20 किलोपर्यंत वजन टाकण्याची परवानगी मिळाली. 20 किलो म्हणजे किती, हे पायाला आपणहून कळत नाही. त्यासाठी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवून काटा 20 वर येईपर्यंत दाबायचे आणि तो दाब लक्षात ठेवायचा, असा सराव दिवसातून अनेकदा करावा लागतो. आरपार गेलेला लांब स्क्रू निघाल्यावर वजन हळूहळू वाढवले. पोटरी इतकी वाळली होती की दोन्ही पाय शेजारी ठेवले तर ते दोन निरनिराळ्या माणसांचे वाटत.

जर्मनीतल्या व्यायामोपचारांची पद्धत चोख आहे. डॉक्टर एका वेळी सहा बैठकांची चिठ्ठी देतात, प्रत्येक बैठक साधारण वीस मिनिटांची असते आणि रुग्णाने आपला टॉवेल घरून आणायचा असतो. पहिल्याच दिवशी उपचार करणाऱ्या तरुणाने मला विचारले की तुम्हाला काय साध्य करायचे आहे. त्याच्यापुढच्या तक्त्यावर चालणे, जिना, सायकल आणि डोंगरवाटा असे पर्याय होते. मी म्हणाले, ‘मला जमिनीवर मांडी घालून बसायचे आहे, आणि उकिडवे बसून उठायचे आहे.’ त्याला नवल वाटले. माझ्या वयाच्या बाईला हे कशाला हवे, असे त्याने सौजन्याने विचारले, आणि मी त्याला नारायण पेठेतल्या घराचे वर्णन करून सांगितले: पाट, देवघरापुढची जागा, मोरीत बसून धुणे, भाऊबीजेचे औक्षण. सपाट रस्त्यावर चालायला घोटा 10 ते 15 अंश पुढे वाकला तरी भागते, उकिडवे बसायला मात्र त्याच्या दुपटीहून अधिक वाकावा लागतो, हे त्याने मला समजावले. केवळ चालता येण्यावर आम्ही थांबलो असतो, तर तो घोटा कदाचित तेवढाच वाकता राहिला असता. रुग्णाने आपल्या घरातले उठणे-बसणे उपचार करणाऱ्यापुढे मांडलेच पाहिजे, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते, कारण त्याच्या तक्त्यात ते नसते.

त्याने दिलेले मोजमाप सोपे होते. भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती दूर राहतो ते मोजायचे. एप्रिलमध्ये ते अंतर 2 सेंटिमीटर होते, जूनमध्ये 5, सप्टेंबरमध्ये 9. दर रविवारी मी तो आकडा आईला सांगत असे आणि ती तो दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवत असे.

नोकरीवर परतणेही टप्प्याटप्प्याने झाले. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, त्यानंतर आरोग्य विमा एकूण पगाराच्या फार तर 70 टक्के रक्कम देतो, आणि कामाला आरंभ चार तासांपासून करून काही आठवड्यांत पूर्ण दिवसापर्यंत जाता येते. या व्यवस्थेविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते, कारण पहिल्या आठवड्यात चार तास खुर्चीवर बसल्यावर माझा घोटा संध्याकाळी नारळाएवढा होत असे.

दिवाळीला मी पुण्यात आले. शहर तेच होते, पण दुखावलेल्या पायाने ते वेगळेच दिसले. लक्ष्मी रस्त्यावर पदपथ दर काही पावलांनी खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, कुठे फरशी हलते, कुठे गाडी आडवी लावलेली असते, आणि दिवाळीच्या गर्दीत मागून येणारा धक्का कधी बसेल ते सांगता येत नाही. म्युनिकमध्ये मी बर्फाला भीत होते, इथे प्रत्येक पायरीच्या उंचीला. आई याच रस्त्याने गेली तीन वर्षे मंडईपर्यंत जाऊन भाजी आणत होती. कोणत्या दुकानापुढची फरशी सुटली आहे, कुठे पदपथ सोडून रस्त्याच्या कडेने जावे, रिक्षात बसताना कोणता पाय आधी आत घ्यावा, हे सारे तिच्या अंगवळणी पडले होते, आणि ती मला हाताला धरून ते दाखवत होती. सकाळी आम्ही दोघी लकडी पुलावरून संभाजी उद्यानात फिरायला जात असू. पूर्वी मी चार पावले पुढे जाऊन तिच्यासाठी थांबत असे. आता आमची चाल एकसारखी झाली होती, आणि पुलाच्या मध्यावर दोघीही न बोलता एकाच वेळी विसावा घ्यायला थांबत होतो.

भाऊबीजेला वहिनींनी तीन पाट मांडले आणि आईसाठी खुर्ची, कारण डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायला कायमची मनाई केली आहे. तबकात निरांजन, सुपारी सगळे मांडून झाले होते. दादा पाटावर बसला. मी त्याच्या समोर उभी राहिले, उजवा हात आईच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि सावकाश खाली बसले. डावा घोटा ताणला गेला, प्लेटच्या जागी ओढ जाणवली, पण टाच जमिनीवरून उचलली गेली नाही. मांडी घालून झाल्यावर मी वर पाहिले. आई दादाकडे किंवा तबकाकडे पाहत नव्हती, ती माझ्या पायाकडे पाहत होती. ओवाळून झाल्यावर उठताना मी पुन्हा खुर्चीचा आधार शोधू लागले, तेव्हा तिने आपला हात पुढे केला आणि म्हणाली, ‘चांगला पाय आधी.’