पाठ टेकून

नागपूरच्या मे महिन्यात दगडावर पाणी थांबत नाही. कूलरसमोर बसलं तर आणखीच नाही. वाटीत बोटं बुडवून दगडावर शिंतोडे मारावेत, वस्तरा सात-आठदा फिरवावा, की दगड पुन्हा कोरडा ठाक. म्हणून धार लावायचं काम मी पहाटे साडेपाचला गच्चीवर करतो. बायकोच्या मते त्या वेळी गच्चीवर करण्यासारखी कामं वेगळी असतात. वाळवणाची खाट हलवणं, उदाहरणार्थ.

वस्तरा मामाचा. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवून तो रोज सकाळी सपसप परजायचा. मामा गेल्यावर मामीनं तो मला दिला, तेव्हा पात्यावर गंजाचे ठिपके होते आणि ‘सोलिंगेन’ (पात्यांसाठी नावाजलेलं जर्मन शहर) ही अक्षरं जेमतेम लागत होती.

पहिल्याच दिवशी मी त्याची वाट लावली. सुरी पाजवताना पाठ उचलून तिरकी धरतात, तसाच वस्तराही धरला. मग साबण लावून गालाला टेकवला, तर केस कापले जाईनात, उपटले जाऊ लागले. महाल भागातल्या आमच्या म्हाताऱ्या म्हाल्याला, म्हणजे न्हाव्याला, दाखवला तर तो आधी हसला. म्हणाला, “पाठ कायले उचलता जी? पडून राहू द्या न तिले.”

सगळी मेख तिथंच आहे. वस्तरा दगडावर सपशेल आडवा टाकायचा. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकल्या पाहिजेत. जाड पाठीमुळे धारेचा कोन आपोआप साधतो, कारण तो घडवणाऱ्यानंच ठरवून ठेवलेला असतो. वर्षानुवर्षं घासून पातं अरुंद होतं, पण सोबत पाठही झिजते, त्यामुळे कोन फारसा हलत नाही. हे कळलं त्या दिवशी मामाच्या वस्तऱ्याची पाठ मी उजेडात धरून पाहिली. दोन्ही अंगांना चकचकीत, सपाट पट्टी पडली होती. इतकी वर्षं मी फक्त धारेकडेच बघत होतो.

दगडावर धार पुढे चालते, जणू दगडाचा पापुद्रा काढायचा आहे. चामड्यावर उलट, पाठ पुढे. नाहीतर चामडंच कापलं जातं. पलटायचं ते पाठीवरच. आणि जोर म्हणाल तर वस्तऱ्याच्या वजनाइतकाच. मला तो कमी करायला दोन वर्षं लागली. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग आवाज बसत जातो, आणि एका क्षणी दगड पात्याला किंचित धरून ठेवतो. तिथं थांबायचं. धार पाहायची ती डाव्या हाताच्या केसांवर. माझ्या मनगटावरचं टक्कल बघून फुटाळा तलावावर फिरायला येणाऱ्या एका मित्रानं काळजीनं त्वचारोगाच्या डॉक्टरचा नंबर दिला होता.

आता दगडाविषयी. माझी नोकरी मनसरच्या मँगनीज खाणीत गेली, त्यामुळे या विषयावर मला आवरणं कठीण. माझ्याकडचा दगड साबणाच्या वडीएवढा, फिकट पिवळा. बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला. कोटिक्यूल म्हणतात त्याला. भाच्यानं आणला. किंमत त्यानं सांगितली नाही, मीही घरात विचारू दिली नाही. त्याच्या पोटात गार्नेट या कठीण खनिजाचे डोळ्यांना न दिसणारे दाणे खच्चून भरलेले असतात, आणि पोलाद झिजवतात ते हेच दाणे. गंमत म्हणजे हा गार्नेट मँगनीजचा, स्पेसार्टीन. आमच्या मनसर-रामटेकच्या खडकातही तोच! लुईस फर्मोर या भूवैज्ञानिकानं 1909 साली त्या खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. म्हणजे बेल्जियमची वडी आणि मनसरचा धोंडा, दोघं एका भावकीतले.

मी लगेच गोंडाइटचा एक तुकडा सपाट करून त्यावर वस्तरा फिरवला. धारेची करवत झाली. तिथले दाणे भरड, उघड्या डोळ्यांना दिसणारे. भावकी असली म्हणून प्रत्येकाच्या घरी पान मांडलेलं असतंच असं नाही. ते दाते काढायला पुढचे दोन रविवार गेले.

म्हाल्याच्या दुकानात आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा चालतो. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली तेव्हापासून गिऱ्हाईक नवं ब्लेड डोळ्यांसमोर मोडून घेतं, आणि ते बरोबरच आहे. त्याचा जुना निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, कुठं आहे, असं मी मागच्या आठवड्यात विचारलं. त्यानं पायानंच दाखवला. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून खाली लावला होता. काळा, मध्ये झिजून उथळ द्रोण झालेला. मी उचलला, नळाखाली धुतला, अंगठा फिरवून पाहिला. लोण्यासारखा.

“न्या न जी,” तो म्हणाला, “पन दाराले दुसरा गोटा आनून द्या.”

परवा मनसरकडे जाणं आहे. दाराला गोंडाइट चालेल.