दोन वर्षांची चूक

माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टच्या कच्च्या प्रतीत, तेराव्या पानावर, माझ्या लाल पेनानं लिहिलेलं आहे : '१६५७ नव्हे, १६५९. दुरुस्त कर.' तोंडी परीक्षेला तीन आठवडे झाले, तरी ते पान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी सोलापूरकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून मेजर म्हणजे मुख्य विषय इंग्रजी, मायनर म्हणजे दुय्यम विषय इतिहास अशी जोडी घेणारी मुलं येऊ लागली. कागदावर ही जोडी फार छान दिसते. पण इंग्रजीचा पेपर इंग्रजीत असतो आणि इतिहासाचा मराठीत. आमच्याकडे एखादी ओळ धरून तिच्यातला शब्दन् शब्द उलगडायचा. तिकडे प्रस्तावना, कारणं, परिणाम आणि मुद्द्यांखाली रेघ. एकच मुलगी दहा वाजता एका पद्धतीनं विचार करते आणि अकरा वाजता ती पद्धत बाजूला ठेवून दुसरी उचलते. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर आहेत, पण या मुलांना काय शिकवायचं यासाठी आम्ही एकदाही एका टेबलाशी बसलेलो नाही. टाइमटेबल जुळलं की काम झालं, असं समजतात. ऑक्सफर्डला इतिहास आणि इंग्रजी अशी एकत्र पदवी आहे, आणि तिथे दोन विषयांना जोडणारा स्वतंत्र पेपर असतो. आमच्याकडे ते जोडण्याचं काम विद्यार्थ्यानं एकट्यानं, एसटीत बसून करायचं.

ती खरोखरच एसटीतून यायची. तुळजापूरहून, रोज पंचेचाळीस किलोमीटर. वडिलांचं मंदिराच्या वाटेवर हळदी-कुंकवाचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान. फील्ड प्रोजेक्टला तिनं विषय आणला तो मेडोज टेलरची 'तारा' ही १८६३ सालची कादंबरी. नायिका तुळजापूरची, एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी; अफजलखानाची स्वारी येते आणि तिचं आयुष्य उलटंपालटं होतं. टेलर निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. १८५३ ते १८५७ नळदुर्गचा कारभार त्याच्याकडे होता आणि तुळजापूर त्याच्याच अंमलात. म्हणजे आपल्या गावावर ज्या साहेबानं राज्य केलं, त्यानंच आपल्या गावावर कादंबरी लिहिली, हे या मुलीला वाचनालयातल्या एका जुन्या सूचीतून कळलं. मी तिला ते सांगितलं नव्हतं. बी.ए., एम.ए., नेट असं सगळं करून मी 'तारा' वाचलेली नव्हती.

या कादंबरीत खानाचं प्रकरण १६५७ मध्ये घडतं. कच्च्या प्रतीत तिनं तेच साल लिहिलं होतं. मी लाल रेघ मारली आणि पुढे गेले. त्या आठवड्यात माझ्याकडे बेचाळीस प्रोजेक्ट होते. पक्की स्पायरल प्रत आली, तेव्हा मी प्रमाणपत्रावर सही केली. तेरावं पान उघडून पाहिलं नाही.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातले इतिहासाचे सर आले होते. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं.

"अफजलखानाचा वध कधी झाला?"

"दहा नोव्हेंबर सोळाशे एकोणसाठ, सर."

"मग हे काय लिहिलंय? चौथीतलं पोरही सांगेल."

"सर, ते टेलरचं साल आहे. मी मुद्दाम तसंच ठेवलंय. पुढची तीन पानं त्याच्यावरच आहेत."

आणि ती बोलू लागली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्येच छापून आला होता. उभी हयात दख्खनमध्ये काढलेल्या टेलरच्या हाती तो लागला नसेल, हे संभवत नाही. पण त्याला एक नव्हे, तीन कादंबऱ्या लिहायच्या होत्या. १६५७ मराठ्यांचा उदय, १७५७ प्लासी, १८५७ चा उठाव. बरोबर शंभर-शंभर वर्षांच्या अंतरानं. प्लासीनंतर शंभर वर्षांनी कंपनीचं राज्य बुडणार, ही वदंता १८५७ मध्ये गावोगाव पसरली होती आणि टेलर तेव्हा वऱ्हाडात होता. ज्या आकड्यानं इंग्रजांची झोप उडवली, त्याच आकड्यात त्यानं सगळा इतिहास बसवला, आणि त्यासाठी प्रतापगडाची भेट दोन वर्षं मागे ओढली. "हे साल चुकलेलं आहेच, सर," ती म्हणाली, "पण ते शिवकालाबद्दल काही सांगत नाही. उठावानंतरचा इंग्रज काय विचार करत होता ते सांगतं. मी ते दुरुस्त केलं असतं, तर पुरावाच गेला असता."

हे वाक्य मी वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

सरांनी चष्मा काढला. "मग प्रोजेक्ट शिवकालावर आहे की १८५७ वर?"

"दोन्हीवर, सर."

"दोन्हीवर असं नसतं. कादंबरी हे साधन नव्हे."

सरांबद्दल माझ्या मनात अढी नाही. त्यांना मोडी येते, उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांनी दप्तरखान्यात घालवल्या आहेत. शिवाजी महाराजांची जन्मतारीख ठरवायला आपल्या राज्यात किती वर्षं वाद चालला, ते पाहिलेला माणूस सालाच्या बाबतीत सैल सोडणार नाही, आणि सोडूही नये. मला राग आहे तो त्यांनी तीन पानं न वाचता गुण दिले याचा. माझ्यावरचा राग त्याहून मोठा आहे.

कारण त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाइड होते. मी म्हणाले, "मुलीनं मेहनत खूप घेतली आहे, सर." मुलाच्या कामाबद्दल बोलण्यासारखं काही नसतं, तेव्हा आम्ही सगळे हेच वाक्य बोलतो. तिला ते माहीत आहे. तिनं मान खाली घातली आणि पानं सारखी करत बसली.

पन्नासपैकी एकतीस.

संध्याकाळी मी ती प्रत घरी नेली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. एक प्रकरण तुळजापूरच्या मूर्तीवर आहे. खानानं देवी फोडून जात्यात भरडली, असं बखरकार कृष्णाजी अनंत सभासद सांगतो; त्याची बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला लिहिलेली. गावात सांगतात की मूर्ती आधीच हलवली होती. आणि तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. नवरात्राआधी निद्रेसाठी तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. त्यामुळे देवी हलवली हे गावाला मुळीच अशक्य वाटत नाही, असं ती लिहिते. बखर, गावची आठवण आणि टेलर, तिघांना तिनं शेजारी बसवलं आहे आणि प्रत्येकाला एकच विचारलं आहे : हे तू कोणाला सांगतोयस, आणि कधी?

अख्ख्या इंग्रजी मजकुरात तिनं एक शब्द मराठीच ठेवला आहे, वध. कच्च्या प्रतीत मी तोही खोडून त्या जागी साधा 'किलिंग' लिहिला होता. पक्क्या प्रतीत तो परत आला आहे आणि खाली तळटीप : या शब्दात मारणाऱ्याची बाजू न्यायाची असते, इंग्रजीत तसा शब्द मला सापडला नाही, म्हणून हाच ठेवला. इतिहासाच्या पेपरात ती हा शब्द रोज लिहिते आणि तिथे त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. माझ्या पेपरात तो लिहिला तर मी कापते. दोन वर्गांमध्ये रोज ये-जा करणाऱ्या मुलीलाच तो शब्द दिसला.

दुसऱ्या दिवशी मी इतिहासाच्या आमच्याच सरांकडे ती प्रत घेऊन गेले. त्यांनी उभ्याउभ्या ती तीन पानं वाचली, मग बसून पुन्हा वाचली. म्हणाले, "मॅडम, हे आपण आधी का नाही बोललो?" गुण तोवर पोर्टलवर भरून झाले होते. फेरतपासणी लेखी पेपरांना असते, तोंडीला नाही. मी प्राचार्यांना अर्ज दिला आहे. तो फाईलला लागला आहे.

परवा तिचा फोन आला. निकालाबद्दल एक अक्षर बोलली नाही. "मॅडम, एम.ए.चा फॉर्म भरायचाय. विषय एकच निवडता येतो. इंग्रजी टाकू की इतिहास?"

मी म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या होऊन गेला. मुदत शनिवारपर्यंत आहे.