शेवंड उलटून पाहताना

मालवण, १६ नोव्हेंबर

आज पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर गेले होते. शेवंड, म्हणजे लांब मिशांचा समुद्रातला लॉबस्टर, घ्यायचीच असे ठरवून गेले होते, कारण पुण्याहून माझी नणंद आली आहे आणि सासूबाई करीत तशी शेवंड खाण्याची तिची फार दिवसांची इच्छा होती. सासूबाईंना जाऊन चार वर्षे झाली. त्यांच्या हाताखाली मी पुष्कळदा उभी राहिले असले, तरी शेवंड निवडण्यापासून ताटात वाढण्यापर्यंतचे सगळे काम एकटीने करण्याची ही पहिलीच वेळ होती.

मासे विकणाऱ्या मावशींकडे ओल्या गोणपाटाखाली पाच शेवंडी होत्या. त्यांतली सर्वांत मोठी, भरदार दिसणारी, मी पाठीकडून धरून उचलली, तशी ती शेपूट जोरात पोटाखाली मारू लागली. जिवंत आणि ताजी असल्याची ही खात्रीची खूण आहे. उचलल्यावर शेपटी सैल लोंबकळली तर ती शेवंड घेऊ नये, कारण मेल्यानंतर तिचे मांस फार लवकर भुसभुशीत होते. एवढे पाहून मी पैसे काढणार, तोच मावशींनी ती माझ्या हातातून घेऊन उलटी केली. "ही घेव नका, पोटाक अंडी आसत," असे म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. शेपटीच्या खालच्या बाजूला, पाकळ्यांसारख्या मऊ पायांना चिकटून, नारिंगी अंड्यांचा दाट घड होता, मोहरीहूनही बारीक दाण्यांचा. एका मादीच्या पोटाखाली अशी अंडी लाखांच्या घरात असतात, आणि त्यांतून निघणारी पिल्ले पानासारख्या चपट्या, पारदर्शक रूपात कित्येक महिने उघड्या समुद्रात तरंगत राहतात. त्यांतली फारच थोडी पुन्हा खडकाशी येतात. मावशींच्या मुलाने ती मादी लाटांच्या पलीकडे नेऊन सोडली. त्या दिवसाच्या कमाईतला सर्वांत मोठा नग त्यांनी असा परत दिला, ही गोष्ट माझ्या मनातून दिवसभर गेली नाही.

शेवटी मी सहाशे ग्रॅमचा नर घेतला. मादीच्या शेवटच्या पायांच्या टोकाला चिमट्यासारखी बारीक नखी असते, नराला ती नसते. हे मावशींनीच दाखवले. निर्यातीसाठी २००३ पासून किमान वजन ठरलेले आहे, खडकाळ तळाच्या शेवंडीला २०० ग्रॅम आणि चिखलवट तळाच्या शेवंडीला ३०० ग्रॅम. घरच्यासाठी घेणाऱ्याला हा नियम लागू नसला, तरी तळहाताएवढी पिल्ले स्वस्त मिळतात म्हणून उचलणे मला पटत नाही.

घरी आणताना ती ओल्या गोणपाटातच ठेवली. ती खाऱ्या पाण्यातली, म्हणून बादलीभर गोड्या पाण्यात सोडणे चूकच. बर्फात अर्धा तास ठेवल्यावर तिची हालचाल पूर्ण थांबली, मग डोळ्यांच्या मागे सुरी घालून डोके विलग केले. मग सासूबाईंची युक्ती केली: लांब मिशी मोडून तिचे बारीक टोक शेपटीच्या पंख्याखालच्या छिद्रात घालायचे, हलकेच फिरवायचे आणि ओढायचे. काटेरी मिशीला अडकून काळी शीर अखंड बाहेर आली, आणि मला एकदम त्यांचे ओले हात डोळ्यांसमोर दिसले.

लग्नानंतर पहिल्यांदा मी शेवंड केली तेव्हा ती वाटणात पंचवीस मिनिटे उकळत ठेवली होती, आणि मांस रबरासारखे झाले होते. आज शेपटी कवचासकट, चिमूटभर मीठ, दोन आमसुले आणि घोटभर पाणी घालून झाकणाखाली आठ मिनिटेच वाफवली. हिरवट काळसर कवच पाहता पाहता शेंदरी झाले. हा रंग मुळातच त्यात असतो, प्रथिनांनी बांधून दडवलेला, आणि उष्णतेने बंध सुटल्यावर उघडा पडतो. मग पोटाकडून कात्रीने कापून पांढरे मांस अखंड काढले, जाड चकत्या केल्या, आणि खोबरेल तेलात ठेचलेला लसूण व अगदी अर्धा चमचा मालवणी मसाला घालून तव्यावर दोन मिनिटे परतल्या. याहून जास्त मसाला घातला तर शेवंडीचा गोडवा लपतो, आणि तो लपवायचा असेल तर शेवंड घ्यावीच कशाला, असे मला मनापासून वाटते.

नणंदेने पहिली चकती खाल्ली आणि बराच वेळ बोलली नाही. डोक्याचे, पायांचे सार मी पातळ नारळाच्या दुधात केले आहे. ते उद्या सकाळी अधिक मुरेल, आणि तिला भाताबरोबर तेच हवे आहे.