तुम्ही विचारलंत म्हणून: तयार पॅकेज सोडून सोर्स कशाला?

"ताहो-लाफ्सचं तयार पॅकेज मिळतं, मग सोर्सवरून कशाला बसवत बसता?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की एकदाच लिहून टाकतो. (ताहो-लाफ्स म्हणजे फाइली एन्क्रिप्ट करून, तुकडे पाडून वेगवेगळ्या मशीनवर ठेवणारं सॉफ्टवेअर; सोर्स म्हणजे त्याचा मूळ कोड.)

सुरक्षेसाठी, असं सांगायला आवडलं असतं. पण सगळा कोड मी काही वाचलेला नाही. हाताने बसवलं की कुठली वस्तू कुठे राहते ते पक्कं कळतं, एवढंच खरं कारण. आणि तेही मला उशिराच कळलं.

काम तसं फार नाही. गिट क्लोन करायचं (म्हणजे कोडची प्रत उतरवायची), शेवटच्या रिलीजच्या टॅगवर, म्हणजे त्या आवृत्तीच्या खुणेवर यायचं, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथनसाठी वेगळा कप्पा) करून पिप हा पायथनचा इन्स्टॉलर चालवायचं. अडलंच तर झेडफेकपाशी. फाइलचे तुकडे पाडणारी ही लायब्ररी आतून सी भाषेत आहे. तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नसेल तर ती जागेवर कंपाइल होते आणि 'पायथन.एच' ही फाइल सापडत नाही म्हणून रुसते. पायथनचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकलं की सुटतं.

खरी गंमत पहिल्या अपलोडला. मूळ सेटिंगमध्ये एका फाइलचे 10 तुकडे होतात आणि त्यातले कुठलेही 3 मिळाले की फाइल परत उभी राहते. मात्र तुकडे निदान 7 वेगळ्या सर्व्हरवर पोचायला हवेत. या सेटिंगचं नाव चक्क 'हॅपी'. माझ्याकडे मशीन तीनच. एरर आला, त्याचंही नाव 'अपलोड अनहॅपिनेस'! ताहो.सीएफजी या सेटिंगच्या फाइलीत आकडे कमी केले तेव्हा स्वारी खूश झाली.

आता माझा गाढवपणा. सगळं एका जागी असावं म्हणून नोडचं (माझ्या मशीनवर चालणाऱ्या ताहोचं) फोल्डर मी सोर्सच्याच फोल्डरात ठेवलं होतं. एकदा बिल्ड बिघडलं आणि सवयीने 'गिट क्लीन -एफडीएक्स' मारलं. गिटच्या नोंदीत नसलेलं सगळं ही कमांड उडवते. गिटच्या लेखी नोड म्हणजे कचरा. त्यातल्या 'प्रायव्हेट'मध्ये 'अलायसेस' नावाची चिमुकली फाइल होती आणि तिच्यात रूट कॅप, म्हणजे सगळ्या फाइलींची एकुलती एक किल्ली. तुकडे तिन्ही मशीनवर जागच्या जागी होते, पण एन्क्रिप्ट केलेले. 'पासवर्ड विसरलात?' असं विचारणारं तिथे कुणी नाही.

पॅकेजवाल्याचं असं झालं नसतं, मान्य. त्याचा नोड मुकाट्याने होम फोल्डरात गेला असता. अलायसेस ही काय चीज आहे हेही त्याला कळलं नसतं.

हल्ली माझाही नोड तिथेच असतो. कॅप कागदावर उतरवलीय. लांबलचक आहे, पण किल्लीच्या भागात छोटी अक्षरं आणि 2 ते 7 एवढेच आकडे असतात. शून्य की ओ, एक की एल, असा घोळ होत नाही.