रात्री दहाचा लिलाव

रविवार, रात्री साडेअकरा

आज आमच्या नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिलावात एका शिवराईपायी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यापायी, जे झालं ते डोक्यातून जात नाही. झोप येणार नाही हे उघड आहे, म्हणून लिहायला बसले.

नाणं खरंच देखणं होतं. शिवराईचा ठसा बहुतेक वेळा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे 'श्री राजा शिव' ही सगळी अक्षरं एकाच नाण्यावर पुरती सापडणं अवघड. कुठे 'श्री' अर्धी कापली जाते, कुठे 'शिव'मधला 'व' काठाबाहेर जातो. या नाण्यावर तिन्ही ओळी शाबूत होत्या, भोवतीची ठिपक्यांची कड जवळजवळ पूर्ण होती, आणि मागच्या बाजूला 'छत्रपति'मधल्या 'त्र'चा फाटा इतका स्वच्छ, की ठसा कोरणाऱ्याचा हात कुठे वळला तेही दिसावं. कुणी चिंच-मीठ लावून घासलेलं नाही, तांब्यावरची काळपट तपकिरी झाक तशीच राहिलेली. बोली चढणार हे पहिला फोटो आला तेव्हाच कळलं होतं. चढावीच. ज्याला जे हवं आहे त्यासाठी त्यानं खिशाला झेपेल तितकं जावं, लिलाव त्यासाठीच असतो.

मला राग आला तो पावणेदहानंतर जे सुरू झालं त्याचा. साताऱ्याकडचा एक मुलगा आहे, कॉलेजात शिकतो. शिवराईवरच्या अक्षरांच्या वळणांचे तक्ते करतो: 'शिव' ऱ्हस्व की दीर्घ, 'पति' की 'पती', ठिपके किती अंतरावर. वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढतो आणि फोटो टाकतो. तो शंभर-शंभरनं बोली वाढवत होता. समोर ग्रुपमधले एक जुने, पैसेवाले संग्राहक. मुलानं आणखी शंभर वाढवले तसा त्यांचा मेसेज आला, "बाळा, आधी वडिलांना विचारून ये." खाली दोघा-तिघांचे हसण्याचे इमोजी. मुलानं काहीच उत्तर दिलं नाही, पुढची बोली टाकली. मग, "पैसे द्यायच्या वेळी फोन बंद करणारे लय पाहिले." मग एकदम पाचशेची उडी आणि त्याखाली दोन शब्द, "आता बोल."

ॲडमिन दादांनी हात जोडल्याचा इमोजी टाकून "शांतता राखा" म्हटलं. दादा भला माणूस. पुरावस्तूंचा रीतसर परवाना असलेले व्यापारी, पावती देतात, खोटं नाणं निघालं तर बिनतक्रार परत घेतात. पण शांतता राखायला त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं. शांत असलेल्या मुलालाही आणि आरडाओरडा करणाऱ्यांनाही.

खरा तमाशा दहा वाजता, लिलाव संपायच्या वेळी झाला. व्हॉट्सॲपवर मेसेजखाली तास आणि मिनिटं दिसतात, सेकंद दिसत नाहीत. शिवाय आपण पाठवलेलं आपल्याला लगेच दिसतं, पण रेंज कमी असेल तर दुसऱ्यांकडे ते रेंगाळत पोचतं. मुलाची शेवटची बोली त्याच्या फोनवर 9.59ची, बाकीच्यांकडे 10.00ची. मग स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट. कुणी आपलीच आधीची बोली उडवलेली, कुणी आकडा दुरुस्त केलेला. "साताऱ्यात घड्याळं उशिरा चालतात काय?" हेही कुणीतरी लिहिलं. दादांनी मुलाची बोली उशिरा आली असं ठरवलं. मुलानं "ठीक आहे दादा" एवढं लिहिलं आणि ग्रुप सोडला.

निर्णयाबद्दल मी काही म्हणत नाही. घड्याळावर चालायचं तर कुणाची तरी बोली उशिरा ठरणारच. पण त्या मुलाची लायकी काढायचा हक्क कुणालाही नव्हता. पैसे ज्याचे त्याचे, ते दाखवायला बोलीचा आकडा पुरेसा आहे. त्याच्याखाली शेरा कशाला लागतो?

मी या नादाला लागले ती ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटच्या काळात. बाझी डॉट कॉम नावाची आपल्याकडची कंपनी त्यांनी 2004मध्ये घेतली आणि मग इथे ईबे इंडिया झालं. ते 2018च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. तिथेही ठरलेल्या सेकंदाला लिलाव संपायचा, आणि शेवटच्या दहा सेकंदांत कोण कुठून झेप घेईल याचा नेम नसायचा. काही जण तर त्यासाठी सॉफ्टवेअर लावून ठेवायचे. हळहळ व्हायची, पण अपमान होत नसे. बोली लावणाऱ्याच्या नावाच्या जागी दोन अक्षरं आणि मध्ये तारे दिसायचे, आणि तिथल्या तिथे टोमणा मारायची सोयच नव्हती. त्यात व्यवहारानंतर एकमेकांबद्दल शेरा देण्याची पद्धत त्या कंपनीच्या संस्थापकानं, पिएर ओमिड्यारनं, 1996मध्येच सुरू केली होती. तिचाही गैरवापर झाला. खरेदीदारानं वाईट शेरा दिला की विक्रेता सूड म्हणून उलटा द्यायचा, आणि शेवटी 2008मध्ये विक्रेत्यांनी खरेदीदाराला वाईट शेरा देण्याची मुभाच काढून घेतली. तरीही आपल्या वागण्याची कुठेतरी नोंद होते आहे एवढं भान त्यामुळे राहायचं. आमच्या ग्रुपवर कसलीच नोंद नाही. आज ज्यांनी शेरे मारले ते उद्या सकाळी सुविचार टाकतील.

शेवटच्या क्षणी बोली लावण्यावर एक चांगला अभ्यास आहे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांचा तो निबंध 2002मध्ये छापून आला. पुढे 2012मध्ये रॉथ यांना वेगळ्या कामासाठी नोबेल मिळालं. त्या काळी ॲमेझॉनही लिलाव चालवायचं, पण तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकायची. ईबेवर सरकत नसे. या दोघांनी दोन्हीकडचे लिलाव तपासले, तर शेवटच्या क्षणाची धावपळ ईबेवर कितीतरी जास्त निघाली. आणि ईबेवरही कॉम्प्युटरपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात अधिक. कारण विचार करण्याजोगं आहे. जुनी वस्तू अस्सल आहे की नाही हे जाणकारालाच कळतं. त्यानं लवकर बोली लावली तर बाकीच्यांना आयतं कळतं, की हा ज्या अर्थी घेतोय त्या अर्थी माल खरा. म्हणून जाणकार गप्प बसतो आणि शेवटच्या क्षणी येतो.

हे मी रोज बघते. जाणकारीच लपवायची वस्तू झाली आहे. दोन-चार वर्षांपूर्वी कुणी नाण्याचा फोटो टाकून "हे कुठलं?" विचारलं, की अर्ध्या तासात लोक टांकसाळ, काळ, वजन सगळं सांगायचे. आता विचारणाऱ्याला कुणीतरी खाजगीत गाठतो, "साधं आहे, दोनशेत देऊन टाक." आणि ज्याला खरं माहीत आहे तो तोंड उघडत नाही, कारण तो बोलला की उद्या त्याच नाण्याची बोली चढते. अशा वातावरणात तो एकटा मुलगा आपले तक्ते सगळ्यांसमोर मांडत होता. आमच्यातला एकमेव माणूस, जो शिकलेलं वाटून टाकत होता, त्याला आज आम्ही हाकलला.

गोड बोलून केलेला उद्धटपणाही असतो, तो बायकांच्या वाट्याला जास्त येतो. आज संध्याकाळीच मला एकाचा खाजगी मेसेज होता: "ताई, आजच्या शिवराईत पडू नका, पुढच्या आठवड्यात अंकुशी रुपया तुमच्यासाठी सोडतो." (अंकुशी म्हणजे अंकुशाची खूण असलेला जुना रुपया.) वाचायला समजूतदार वाटतं. पण अशा चार जणांनी आपसात वाटून घेतलं तर विकणाऱ्याच्या हातात काय पडणार? दादांकडे विकायला येणारी कितीतरी नाणी घरातल्या गेलेल्या माणसाच्या संग्रहातली असतात. मागे राहिलेल्या बाईला नाण्यातलं काही कळत नसतं, ती लिलावाच्या भरवशावर असते. म्हणून मला चढाओढ हवी आहे. भरपूर हवी आहे. मी त्याला "मला हवं ते मी बोली लावून घेईन" असं कळवलं. त्यावर उत्तर आलं, "बघू मग."

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. लासलगावच्या बाजारात कांद्याचे लिलाव लहानपणापासून पाहिलेत. ट्रॅक्टरभोवती व्यापारी उभे, भाव ओरडून पुकारले जातात, शेतकरी तिथेच उभा. भांडणं तिथेही होतात, व्यापारी संगनमत करतात अशी तक्रारही जुनीच आहे. पण भाव पुकारणाऱ्याचा चेहरा सगळ्यांना दिसतो आणि उद्या पुढच्या ट्रॅक्टरपाशी त्याच माणसांच्या शेजारी उभं राहायचं असतं. फोनवरच्या लिलावात ते उद्याचं उभं राहणं नाही. आजच्या या गृहस्थांना मी पुण्याच्या नाणेप्रदर्शनात भेटले आहे. स्वतःचं भिंग काढून त्यांनी एका शाळकरी पोराला होन आणि फलम या जुन्या नाण्यांतला फरक सांगितला होता, चांगला पंधरा मिनिटं. तोच माणूस आज "वडिलांना विचारून ये" लिहितो, याचं मला फार वाईट वाटतं.

मंगळवार

दादांना फोन केला. तीन गोष्टी मागितल्या. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच मिनिटं पुढे जावी, म्हणजे 9.59 की 10.00 हा वादच उरणार नाही. लिलाव चालू असताना ग्रुपवर फक्त आकडा पडावा, एक शब्दही नाही. आणि जो कुणाच्या ऐपतीवर, वयावर, बाई असण्यावर बोलेल त्याला बाहेर काढावं, मग तो कितीही मोठा गिऱ्हाईक असो.

पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरीवर अडले. "ताई, महिन्याचा निम्मा धंदा त्या पाच-सहा जणांवर आहे." मी म्हटलं, ते पाच-सहा जण साठी-सत्तरीतले आहेत, त्यांच्यानंतर ही नाणी कोण घेणार आहे? त्यांनी "विचार करतो" म्हटलं. मी परत फोन करणार आहे.

मुलाशीही बोलले. नाणं गेल्याचं त्याला फारसं नव्हतं. शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते, ते पुढच्या वेळी कामी येतील म्हणाला. वडिलांचं नाव काढलं ते त्याला लागलं. बोलता बोलता म्हणाला, "काकू, मला खरं तर त्याचं वजन आणि नीट फोटो मिळाला तरी चाललं असतं. तसा 'त्र' माझ्या तक्त्यात नाही."

मग मी त्या गृहस्थांनाच लिहिलं. लांबलचक नाही. तो मुलगा कोण आहे, काय काम करतो, त्याला काय लागलं हे सांगितलं, आणि त्याला फोन करून माफी मागा असं स्पष्ट लिहिलं. नाण्याचं वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटोही मागितले.

आत्ता रात्री उत्तर आलं. दोन फोटो, उजेडात काढलेले, शेजारी पट्टी ठेवून. खाली, "वजन 11.6 ग्रॅम. मुलाला दे. लिलावात असं चालतंच, मनावर घेऊ नये." फोटो मुलाला पाठवले. त्यांना परत लिहिलं, की असं चालत नाही, आणि फोन करायचा अजून राहिलाय.