पिशवीचं ऑपरेशन झालं, पण डिस्चार्ज काही होईना

ऑपरेशनला दोन तास लागले आणि डिस्चार्जला साडेनऊ. आधीच सांगते, म्हणजे पुढचा वैताग कळेल.

मला फायब्रॉइड होते, म्हणजे गर्भपिशवीत साध्या गाठी, सगळ्यात मोठा आठ सेंटीमीटरचा. पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलायचं, हिमोग्लोबिन ८ वर आलेलं. गोळ्या झाल्या, आयर्नचं सलाइन झालं, शेवटी दुर्बिणीतून गर्भपिशवी काढली, ओव्हरीज ठेवल्या. भूल, कॅथेटर, दुसऱ्या दिवशी चालवणं यात सांगण्यासारखं काही नाही, सिस्टर चांगल्या होत्या. फक्त खांदा दुखायला लागला तर घाबरू नका. पोटात भरलेला गॅस थोडा उरतो त्याची कळ खांद्यात येते, मला तर वाटलं हार्टचंच काहीतरी. चालत राहिलं की दोन-तीन दिवसांत जाते.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला डॉक्टर म्हणाल्या, जा घरी. मी गाऊन बदलून, वेणी घालून तयार. कॅशलेस होतं, त्यामुळे फाइल बिलिंगला, तिथून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीकडे. दोन वाजता नवरा खालून आला तो चेहरा पाडूनच, "क्वेरी आलीय." काय तर म्हणे त्रास आठ वर्षांपासून होता, मग पॉलिसी घेताना का नाही सांगितलं. पॉलिसी घेतलेली पाच वर्षांपूर्वी. आठ वर्षं? मी आठ महिने म्हणाले होते! ॲडमिट झाले त्या रात्री एका ज्युनियर डॉक्टरने उभ्या उभ्या हिस्टरी लिहून घेतली, त्यात महिन्यांची वर्षं झाली आणि तेच डिस्चार्ज समरीत टाइप झालं.

आता हे दुरुस्त कोण करणार? ड्युटीवरचा डॉक्टर म्हणाला मी नाही लिहिलं, मी कसं बदलू. बिलिंगवाला म्हणाला मोठ्या मॅडमचं पत्र लागेल, सही-शिक्क्यासकट. मोठ्या मॅडम दुसरीकडे ऑपरेशनला गेलेल्या. साडेचारला मावशी चादर काढायला आल्या, पुढचा पेशंट थांबला होता, म्हणून मी लॉबीत स्टीलच्या खुर्चीवर, बरोबर एसीखाली. पोट गॅसने टम्म, टाके ओढतायत, आणि नावापुढे डिस्चार्ज लागल्यामुळे जेवणही बंद. नवऱ्याने समोरच्या उडप्याकडून इडली आणली ती मांडीवर ठेवून खाल्ली.

मोबाइलवर शोधून काउंटरवर दाखवलं, की मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सर्क्युलरप्रमाणे डिस्चार्जची रिक्वेस्ट गेल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने फायनल मंजुरी द्यायची असते, उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. तो म्हणतो, "मॅडम, क्वेरी नसेल तर." असं कुठे लिहिलंय विचारलं तर पुढच्या माणसाकडे वळला.

शेवटी भाच्याने घरी जाऊन कपाटातून पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला, तारीख आठ महिन्यांपूर्वीची, त्याचा फोटो पाठवला. साडेसहाला मॅडम आल्या, दोन ओळींचं पत्र दिलं, दोन मिनिटांचं काम. मंजुरी आली नऊला. वर ग्लोव्ह्ज-बिव्ह्जचे पैसे आम्हीच भरले.

म्हणून सांगते, ॲडमिट होताना केसपेपरवर 'किती दिवसांपासून' या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतः वाचा, वाटल्यास फोटो काढा. आणि जुने रिपोर्ट फेकू नका.

घरी येताना एलबीएस रोडचे खड्डे. पोटावर उशी दाबून धरली, ड्रायव्हरला भय्या हळू, भय्या हळू. भांडुपला आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिने हळूहळू चढता येतात, फक्त दिवसातून चार खेपा करू नका.

खरा प्रॉब्लेम आठव्या दिवसापासून. बाहेरून चारच छोटे टाके, त्यामुळे घरच्यांना वाटतं हिला काही झालंच नाही. आतले टाके कोणाला दिसत नाहीत ना! सकाळी साडेपाचला पाणी येतं, मी सवयीने कळशी उचलायला वाकले, सासूबाईंनी ओरडून थांबवलं. सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. शेजारच्या काकू पोट बांध, डिंकाचे लाडू खा म्हणत होत्या. अहो, बाळंतीण आहे का मी? लाडू खाल्ले मात्र.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, इसबगोल पहिल्या दिवसापासून, जोर लावायचा नाही. बाराव्या दिवशी थोडं लाल गेलं, फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या टाके विरघळताना होतं. पण तासाभरात पॅड भिजलं, १०० च्या वर ताप आला, घाण वास आला किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखली तर थांबू नका, लगेच गाठा. संबंधांचंही विचारून घ्या, लाजू नका, मला आठ आठवडे सांगितले होते. बायोप्सीचा रिपोर्ट दहाव्या दिवशी आला, साधाच फायब्रॉइड. तोवर झोप नव्हती.

ऑफिसला पाच आठवड्यांनी गेले, साडेदहानंतरची स्लो पकडून. आठ-पाचच्या फास्टला लोंबकळायचा विचारही करू नका.

हां, खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची, हे राहिलंच सांगायचं. माझी उशी हॉस्पिटलचीच, त्या रात्रीच्या गडबडीत आमच्याबरोबर आली. धुवून ठेवलीय, फॉलोअपला न्यायची म्हणते आणि दरवेळी विसरते.