चिल्टर्नच्या माथ्यावर काशीनरेशांची विहीर

ऑक्सफर्डशायरच्या दक्षिण टोकाला, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर, स्टोक रो नावाचे एक छोटे गाव आहे. नोकरी रेडिंगला आणि बिऱ्हाड या गावात, अशा व्यवस्थेत मी तिथे काही काळ राहिले. सकाळी घराघरांतून मोटारी निघतात, बीच वृक्षांच्या दाट झाडीतल्या अरुंद रस्त्यांनी रेडिंगचे स्टेशन गाठतात आणि तिथून निम्मी माणसे लंडनच्या पॅडिंग्टनला जातात. संध्याकाळी तीच रांग उलट्या दिशेने परतते. मधल्या वेळात गावात वृद्ध मंडळी, शाळेतली मुले आणि आकाशात घिरट्या घालणाऱ्या तांबड्या घारी एवढेच उरते. ज्याच्याजवळ गाडी नाही त्याचे इथे हाल होतात. शेजारी सज्जन आहेत, पण त्यांच्याकडे सहज डोकावण्याची पद्धत नाही, त्यामुळे सुरुवातीचे दिवस मला फार एकाकी गेले.

अशा गावात, रस्त्यालगतच्या हिरवळीवर, ओतीव लोखंडाच्या खांबांवर तोललेला एक घुमट उभा आहे. जमिनीपासून त्याची उंची २३ फूट. घुमटाखाली विहिरीचे तोंड, त्यावर रहाटाची दातेरी चक्रे, आणि त्या चक्रांच्या वर सोनेरी मुलामा दिलेला एक हत्ती. ही विहीर काशीच्या महाराजांनी दिली, असे घुमटाखालच्या पट्टीवर इंग्रजीत कोरलेले आहे; ते महाराज म्हणजे ईश्वरीप्रसाद नारायण सिंह. आडवा व्यास जेमतेम ४ फूट, म्हणजे एका वेळी एकच माणूस आत उतरून खणू शकेल एवढा, आणि खोली ३६८ फूट. लंडनच्या सेंट पॉल कथीड्रलची उंची ३६५ फूट आहे. एवढे खोल हे काम मजुरांनी हातांनी केले, आणि त्या जागी उभे राहिल्यावर माझ्या मनात राजाच्या आधी ते मजूरच आले.

एवढ्या खोल जावे लागण्याचे कारण तिथल्या जमिनीत आहे. हा सारा डोंगर खडूसारख्या मऊ, पांढऱ्या चुनखडकाचा आहे. पडलेला पाऊस त्यातून थेट खाली झिरपतो, आणि माथ्यावर ना ओढा राहतो ना झरा. वरच्या मातीचा थर चिकण असेल तिथे खड्ड्यांत आणि डबक्यांत साचलेले पाणी लोक वापरत, आणि उन्हाळा कोरडा गेला की बायकापोरांना दूरवरून पाणी वाहून आणावे लागे. शेजारच्या इप्सडेन गावचे एडवर्ड अँडरडन रीड हे कंपनी सरकारच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात होते. १८३१ साली त्यांनी आझमगढकडे एक विहीर खणवली होती. घरातले उरलेसुरले पाणी प्यायला म्हणून आईने एका मुलाला मारले, ही आपल्या गावाकडची हकीकत त्यांनी काशीनरेशांना सांगितली होती. रीड निवृत्त होऊन मायदेशी परतल्यावर महाराजांनी तिकडे विहीर बांधून देण्याची इच्छा कळवली. ती हकीकत त्यांच्या लक्षात राहिली होती.

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, ते दिवस मी पाहिले आहेत. म्हणून त्या मुलाची हकीकत वाचताना आईचा राग मला परका वाटला नाही.

मला जे मनापासून खटकले ते वेगळेच. गावात येणारे पाहुणे आणि गावातलेही पुष्कळ जण या विहिरीकडे पौर्वात्य हौसेचा एक चमत्कारिक नमुना म्हणून पाहतात. घुमट आणि हत्ती यांचे फोटो काढायचे, राजाच्या लहरीचे कौतुक करायचे आणि पुढे निघायचे. वास्तविक महाराजांनी तिथे नुसती विहीर दिलेली नाही. शेजारची जमीन घेऊन तिथे चेरीची बाग लावली आणि तिला ‘ईश्वरी बाग’ असे नाव दिले. चेरीच्या विक्रीतून विहिरीचा खर्च चालावा अशी ती योजना होती. बागेत माशाच्या आकाराचे एक तळे केले, कारण मत्स्य हे काशीच्या राजघराण्याचे चिन्ह आहे. विहिरीवर देखरेख करणाऱ्यासाठी लहानसे घर बांधले. विहीर, तळे, बाग आणि अन्नदान ही आपल्याकडे पूर्तकर्मांची, म्हणजे लोकोपयोगी पुण्यकृत्यांची, जुनी परंपरा आहे, आणि तिच्यातले अन्नदानही इथे चुकलेले नाही: १८८२ साली राणी व्हिक्टोरिया गोळीबारातून वाचली तेव्हा महाराजांच्या वतीने गावाला भाकरी, चहा, साखर आणि जेवण देण्यात आले. अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेल्या बारवा आणि घाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा सगळा आराखडा लगेच ओळखता येईल. ती लहर नव्हे, ते विचारपूर्वक केलेले धर्मकृत्य आहे, आणि तिथल्या माहितीफलकांवर हे ठळकपणे यायला हवे असे मला आजही वाटते.

त्यात राजनिष्ठेचा भाग होता हेही तितकेच खरे. १८५७ मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. खोदाईची पहिली कुदळ पडली ती १० मार्च १८६३ रोजी, युवराजांच्या विवाहाच्या दिवशी, आणि विहीर खुली झाली ती २४ मे १८६४ रोजी, राणीच्या वाढदिवशी. शिवाय थोड्याच आधी, १८६०-६१ मध्ये, गंगा-यमुनेच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला होता, आणि तो आठवला की साडेतीनशे पौंडांची ही देणगी मला अस्वस्थ करते. तरीही पाणी ज्यांना हवे होते त्या मजुरांच्या बायकांपर्यंत ते फुकट पोहोचले, हे मी त्याहून मोठे मानते. मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १८६९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये पाणपोई बांधून दिली, पण राजधानीतल्या उद्यानात ते दान सर्वांच्या नजरेत होते. इथे ते एका आडगावात झाले.

शेजारच्या वृद्ध बाईंनी मला एकदा रहाटाजवळ उभे करून त्यांच्या आजीबद्दल सांगितले. भरलेली बादली वर यायला दहा मिनिटे लागत, हिवाळ्यात लोखंडी दांडा हाताला चिकटे, आणि रांगेत आपला नंबर लागेपर्यंत गावातल्या सगळ्या बातम्या कळत. नळ आल्यावर पाणी सोपे झाले, पण त्या बायकांचे रोजचे भेटणे संपले, असे त्या म्हणाल्या. आता पाणी घरात येते आणि माणसे दिवसभर रेडिंगला किंवा लंडनला असतात. त्या दिवशी त्या माझ्याशी तासभर बोलत राहिल्या, आणि गावात राहायला आल्यापासून मला प्रथमच आपल्या माणसांत असल्यासारखे वाटले.

१९६४ साली विहिरीची शताब्दी झाली तेव्हा राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप तिथे आले होते आणि काशीहून आणलेले गंगाजल विहिरीत ओतण्यात आले. आज तिचा रहाट स्थिर आहे, पण बाग आणि तळे जपलेले आहे. हेन्ली किंवा रेडिंगहून येणाऱ्याने बसच्या भरवशावर राहू नये, आणि फोटो काढून लगेच शेजारच्या पबमध्ये जाऊ नये. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी आधी बागेतून फिरवत असे, माशाचे तळे दाखवत असे आणि विहिरीपाशी शेवटी आणत असे.